बनेश्वर
पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील नसरापूर गावाजवळचे पेशवेकालीन शिवमंदिर. पुण्याच्या दक्षिणेस सुमारे ३५ किमी., सातारा महामार्गावरील चेलाडी फाट्यावरून येथे पोहोचता येते. नानासाहेब पेशव्यांनी ते १७४९ च्या सुमारास बांधविले. मंदिराभोवती दाट वनराई असून लगत शिवगंगा नदी खडकांवरून कोसळते. पावसाळ्यात हा धबधबा जोमात असतो. आवारातील कुंडांत मासे व कासवे दिसतात.

येथील सर्वांत लक्षणीय वस्तू म्हणजे घंटा. तिच्यावर क्रूस व १६८३ हे वर्ष कोरलेले आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधील अनेक घंटा महाराष्ट्रातील देवळांत आल्या. वाईजवळील मेणवली व भीमाशंकर येथेही अशा घंटा आहेत. युरोपातील जुन्या शहरांत संध्याप्रार्थनेला वाजणाऱ्या घंटांच्याच जातकुळीची ही घंटा इथे महादेवापुढे टांगलेली आहे.

सुटीच्या दिवशी दुपारी गर्दी फार. देऊळ नीट पाहायचे तर दिवेलागणीच्या आधीची वेळ बरी : झाडीमुळे उजेड लवकर ओसरतो, पाखरे परततात आणि पाण्याचा आवाज आवारापर्यंत पोहोचतो. क्रूस व आकडे मात्र उजेड असतानाच पाहून घ्यावेत.