फ्लॅटबेड स्कॅनरवर पान किंवा शेंग स्कॅन केल्यास प्रतिमा शार्प कशी करावी?

फ्लॅटबेड स्कॅनर कागदासाठी बनवलेला असतो. मात्र त्याच्या काचेवर भेंडीचे पान, सोयाबीनची शेंग किंवा मूठभर ज्वारी ठेवली, तरी बारकाव्यांसह प्रतिमा मिळते. पिकाचा नमुना दाखवून सल्ला घेण्यासाठी अशी प्रतिमा कामाची ठरते. पण ती शार्प करताना अतिरेक झाला, तर निदान चुकू शकते.

प्रतिमा धूसर का येते?

स्कॅनरचा फोकस काचेच्या पृष्ठभागावर ठरलेला असतो. वस्तूचा काचेला टेकलेला भाग स्पष्ट येतो आणि वर उचललेला भाग धूसर होत जातो. यूएसबीवरच चालणारे पातळ स्कॅनर बहुधा सीआयएस प्रकारचे असतात. त्यांत एखाद्या मिलिमीटरच्या वरचा भागही अस्पष्ट दिसतो. आरसे आणि भिंग असलेल्या जाड सीसीडी स्कॅनरमध्ये काही मिलिमीटर उंचीपर्यंतचा भाग बरा येतो.

शार्पनिंग म्हणजे काय?

'अनशार्प मास्क' ही नेहमीची पद्धत. यात सॉफ्टवेअर मूळ प्रतिमेची एक धूसर प्रत बनवते आणि दोहोंतला फरक मूळ प्रतिमेत मिळवते. त्यामुळे कडेची गडद बाजू आणखी गडद व उजळ बाजू आणखी उजळ होते. डोळ्याला प्रतिमा स्पष्ट वाटते, पण स्कॅनरने न टिपलेला तपशील त्यात येत नाही.

काय करावे?

- काच पुसून घ्या. धूळ राहिली तर तीही शार्प होते.
- ओरखडे टाळण्यासाठी काचेवर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक ठेवा.
- वस्तू जाड असेल तर झाकण उघडे ठेवून वर काळे कापड टाका.
- स्कॅनरचे आपोआप शार्पनिंग बंद ठेवा आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करा.
- प्रतिमा हव्या त्या आकारात लहान केल्यावर, सर्वांत शेवटी शार्प करा. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. रेडियस १ ते २ पिक्सेल ठेवा आणि अमाउंट थोडे थोडे वाढवा. थ्रेशोल्ड किंचित वाढवल्यास सपाट भागात दाणे उठत नाहीत.

धोका कुठे आहे?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात केवडा रोगाला प्रतिकारक म्हणून ओळखली जाते. या विषाणूजन्य रोगात पानाच्या शिरा पिवळ्या पडतात. निरोगी पानाच्या शिराही इतर भागापेक्षा फिकट असतात आणि जास्त शार्प केल्यावर त्या आणखी फिकट दिसतात. भुईमुगाच्या टिक्का रोगात ठिपक्याभोवती पिवळसर वलय असते, तर अति शार्पनिंगमुळे कोणत्याही गडद ठिपक्याभोवती उजळ कडा उमटते.

म्हणून सल्ल्यासाठी प्रतिमा पाठवताना मूळ स्कॅनही सोबत द्या. व्हॉट्सॲपवर ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा घटत नाही.