रिकाम्या दिवसांचे खेळ

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा राजदरबारापासून आरंभ करतात. सारीपाट कोणत्या महालात मांडला जाई, बुद्धिबळ कोणत्या वाटेने इराणात गेले, ह्याची चर्चा मोठी रंगते. पण अलीकडच्या कित्येक खेळांचे जन्मस्थान दरबार नव्हे. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरातला एखादा कोपरा होय. हा इतिहास मी धुंडाळू लागलो तो विद्वत्तेच्या हौसेने नव्हे. आमच्या घरालाच त्याची गरज पडली.

आमचे अच्छाड तलासरी तालुक्याच्या अगदी टोकाला. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि हे गाव सीमेवरचे ठरले. महामार्गावर मालमोटारींची रीघ असते, आणि इकडचे कित्येक तरुण पोटासाठी तिकडच्या कारखान्यांत जातात. माझा पुतण्या अशाच एका कारखान्यात संगणकावर कामाला होता. कंत्राट संपले, तशी नोकरीही संपली. दुसरी मिळेपर्यंत त्याने मोबाइलवर खेळावयाचा एक खेळ रचावयास घेतला : टेम्पो सुटण्यापूर्वी लहानमोठे चिकू प्रतवारीने पेटीत बसवावयाचे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या पेट्या इथल्या पोराने लहानपणापासून पाहिलेल्या.

महिना उलटला तेव्हा वहिनींनी मला गाठले. "भावोजी, हे काम म्हणायचं की रिकामपणाचा चाळा? आणि गेम म्हणजे जुगार तर नव्हे ना?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. पेटीत चिकू मांडण्याशी त्याचा काही संबंध नाही. पहिला प्रश्न मात्र अवघड. त्यासाठी मला मागे जावे लागले.

१९३१ साली न्यूयॉर्कमधील आल्फ्रेड बट्स ह्या वास्तुशिल्पज्ञाची नोकरी मंदीत गेली. त्याने वृत्तपत्राची पाने पुढे घेऊन त्यांतले कोणते अक्षर किती वेळा येते, हे मोजले आणि त्या हिशेबावर शब्दांचा एक खेळ बसविला. खेळणी करणाऱ्या कारखानदारांनी तो नाकारला. बट्स पुढे पुन्हा आपल्या धंद्यात गेला. १९४८ साली जेम्स ब्रुनो ह्या गृहस्थाने त्या खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव दिले, आणि तो घरोघरी पोहोचला १९५० नंतर. म्हणजे ज्या मंदीत त्याचा जन्म झाला, तीत त्याने बट्सची चूल पेटविली नाही!

त्याच काळातला चार्ल्स डॅरो हा बेकार विक्रेता. त्याचा 'मोनॉपली' १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने घेतला. आपल्याकडची मुले त्याचाच भाऊबंद 'व्यापार' ह्या नावाने खेळत आली. बेकाराचे नशीब फळफळले, ही गोष्ट फार गाजली. परंतु त्या खेळाचे मूळ लिझी मॅगी ह्या बाईंनी १९०४ मध्येच पेटंट घेतलेल्या खेळात होते. जमीनदारीचे दोष दाखवावे म्हणून त्यांनी तो रचला होता. कंपनीने त्यांना पाचशे डॉलर दिले. डॅरो लक्षाधीश झाला.

मोबाइलवर एकट्यादुकट्याला शिरकाव मिळाला तो २००८ पासून. तत्पूर्वी खेळ बहुधा मोबाइल कंपन्यांच्या दारातून आत जात. त्या वर्षी ॲपल आणि गूगल ह्यांनी आपापली दुकाने उघडली. आज गूगलकडे एकदाच पंचवीस डॉलर भरले की कोणालाही तेथे माल मांडता येतो. 'गोदो'सारखे खेळ रचण्याचे साधन २०१४ पासून फुकट आहे. पुतण्या जुन्या लॅपटॉपवर तेच वापरतो.

अमेरिकेतला एरिक बरोन २०११ मध्ये पदवीधर झाला. नोकरी मिळेना, म्हणून हात बसावा ह्या हेतूने त्याने शेतीचा एक खेळ रचावयास घेतला. चित्रे, संगीत, संगणकाची सूत्रे, सारे एकट्याने. चार वर्षांहून अधिक काळ गेला. २०१६ मध्ये 'स्टारड्यू व्हॅली' बाहेर आला, पुढे मोबाइलवरही आला, आणि २०२४ अखेर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. ह्या कथेतले एक पात्र सांगणारे विसरतात : त्या वर्षांत घर चालविण्याचा मुख्य भार त्याच्या जोडीदारिणीने उचलला होता. तो स्वतः नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करी.

आपल्या महाराष्ट्रातही हेच दिसते. विकाश जयस्वाल ह्यांनी मुंबईतली नोकरी सोडून २०१० मध्ये नवी मुंबईत लहानशी कंपनी काढली. त्यांचा 'लुडो किंग' २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत शिरला. पुण्याच्या 'राजी' ह्या खेळासाठी जनतेकडून वर्गणी मागण्याचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा कंपनीच्या संस्थापकांपैकी श्रुती घोष ह्यांनी आपले घर विकले. खेळ २०२० मध्ये आला आणि वाखाणला गेला. मध्ये बसलेली किंमत मात्र खेळणाऱ्याला पडद्यावर दिसत नाही.

ह्या सगळ्यांतून मला एवढेच उमगले. रिकाम्या दिवसांतले खेळ फुकट होत नाहीत. ते दिवस कोणीतरी विकत घेऊन दिलेले असतात : कधी जोडीदाराने, कधी विकलेल्या घराने, कधी आईच्या शिवणयंत्राने. शिवाय आपल्याला कथा माहीत असतात त्या तरलेल्यांच्या. बुडालेल्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही. म्हणून यशाची उदाहरणे दाखवून वहिनींचे तोंड बंद करणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

मी त्यांना म्हटले, "वहिनी, हे कामच आहे. पण त्याचा पगार सध्या तुम्ही देता. तेव्हा किती महिने द्यायचा, हे ठरवायचा हक्कही तुमचाच."

मुदत होळीपर्यंतची ठरली. तोवर नोकरीचे अर्जही चालू राहावयाचे. वहिनींनी घरखर्चाच्या वहीत त्याच्या नावाचे वेगळे पान काढले, आणि त्याने ते निमूटपणे मान्य केले.

आता एक अडसर राहिला होता. नव्या माणसाचा खेळ दुकानात मांडण्यापूर्वी निदान बारा जणांनी तो सलग चौदा दिवस चाचणीसाठी घेतलेला असावा, असा गूगलचा नियम आहे. मुंबईत बारा मित्र चटकन मिळतील. अच्छाडला ते जमवावे लागले. चहावाला, टायरचे पंक्चर काढणारा, चिकूच्या वाडीतले दोघे, शाळेतले एक मास्तर, मी, असे करीत अकरा झाले. बाराव्या वहिनी. वाडीतल्या दोघांनी पहिल्याच दिवशी सांगितले, की पिकलेला चिकू कोणी तळाशी ठेवीत नाही. खेळात तसे चालते, ते खोटे आहे. पुतण्याने त्या रात्री नियम बदलला.

होळीनंतर तो पुन्हा कारखान्यात जाईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. बट्सही आपल्या धंद्यात परत गेला होता, आणि त्यामुळे त्याचे ते अक्षरे मोजण्याचे दिवस वाया गेले असे कोणी म्हणत नाही. मात्र बट्सच्या घरी त्या दिवसांचे पान कोणी लिहून ठेवले होते का, हे इतिहास सांगत नाही. आमच्या घरी ते लिहिलेले आहे.