मिडीच्या आदल्या वर्षी

1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यांत भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे राग होते. तबल्याची साथ नाही, तंबोरा नाही. समोर होती रोलँड कंपनीची तीन यंत्रं: ज्युपिटर-8 सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 हे बेसचं छोटं खोकं. सिंग हिंदी चित्रपटसंगीतातले मुरलेले वादक. एचएमव्हीने तबकडी काढली, पण तिला गिऱ्हाईक काही मिळालं नाही.

तीन यंत्रं एका लयीत चालवणं तेव्हा कटकटीचंच होतं. 808 आणि 303 यांना जोडणारी रोलँडची पाच टोकांची तार एका मात्रेला 24 ठोके पाठवायची. चालू करा, थांबवा, पुढचा ठोका पडला, एवढंच तिला सांगता येई. कोणता सूर, तो किती जोरात, याचा तिला पत्ता नसे. त्यातून कोर्गची तालयंत्रं त्याच मात्रेला 48 ठोके मोजत. म्हणजे दोन कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडली, की एक धावायचं नाहीतर दुसरं रेंगाळायचं.

हा घोळ निस्तरायचा विचार रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ या प्रतिस्पर्ध्यांनीच 1981 मध्ये सुरू केला. जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 एका तारेने जोडले गेले. एकाची पट्टी दाबली, दुसरा वाजला! वाद्यांना बोलतं करणाऱ्या या सामायिक भाषेचं नाव मिडी, आणि त्याच वर्षी तिचे नियम छापून आले. जोडणीला पुन्हा तसाच पाच टोकांचा प्लग निवडला गेला, त्यामुळे जुन्या यंत्राची तार मिडीच्या भोकात आजही चपखल बसते आणि काहीही होत नाही.

मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही, जातात ते आकडे. पट्टी दाबली हा एक, सुराचा क्रमांक हा दुसरा (पियानोवरचा मधला सी म्हणजे 60) आणि पट्टी किती जोरात दाबली हा तिसरा. हा सगळा निरोप सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात पोहोचतो. डिजिटल पियानोच्या पट्ट्यांवरून दुसऱ्याच यंत्रातली सनई वाजते, ती याच हिशेबावर.

पण हा हिशेब पट्ट्यांचा आहे, आणि पट्ट्यांशी आपल्या संगीताचं भांडण जुनं. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही म्हणून आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. मिडीत सूर वाकवण्याचा निरोप वेगळा जातो, तोही अख्ख्या चॅनलला, म्हणजे त्या वाटेने जाणाऱ्या सगळ्या सुरांना. दोन सूर धरले असतील तर दोन्ही एकदमच सरकतात. सिंग यांच्या 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. तबकडीवरचा बेस असा घसरत जातो, की 1987 मध्ये शिकागोत गाजलेलं अॅसिड हाउस हे नाचाचं संगीत पाच वर्षं आधीच मुंबईत वाजलं असं वाटावं. 2002 मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत सापडली, 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि मग जगाचे कान टवकारले.

मिडीने प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल देणारा एमपीई हा नियम स्वीकारला तो थेट 2018 मध्ये. एकूण चॅनल सोळाच राहिले, त्यातला एक सामायिक निरोपांना जातो. उरलेले पंधरा सूर एकाच वेळी आपापल्या परीने वाकू शकतात. रागदारीला ते पुरून उरतील.