सरकती अक्षरे आणि पुण्याचा स्पेक्ट्रम
आज माहिती तंत्रज्ञान संकुलांमुळे पुण्याच्या हडपसर भागाचे नाव होत असले, तरी पुण्यातील संगणकनिर्मितीची परंपरा त्याहून जुनी आहे. येथील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ च्या सुमारास ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस या संगणकाची परवानाप्राप्त आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने बाजारात आणली. या यंत्रात मजकूर आडवा सरकवणारी स्वतंत्र यंत्रणा नसल्याने ते काम प्रोग्रॅमलाच करावे लागे. अक्षरांची एक ओळ आठ बारीक रेषांची व प्रत्येक रेषा ३२ बाइटची असे. उजव्या टोकाच्या बाइटपासून आरंभ करून प्रत्येक बाइट एका बिटने डावीकडे सरकवायचा आणि बाहेर पडलेला बिट ‘कॅरी’मध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या तात्पुरत्या खुणेत, धरून शेजारच्या बाइटमध्ये घालायचा, असा क्रम होता. केवळ एका ठिपक्याच्या सरकण्यासाठी २५६ बाइट हलवावे लागत असल्याने मंद बेसिक भाषा अपुरी पडे आणि झेड-८० प्रोसेसरच्या यंत्रभाषेचा आश्रय घ्यावा लागे.