धामतीरावरील टेकडी

उन्हाळ्यांत किंवा नाताळच्या सुटींत डोंगरावर बिऱ्हाड न्यावें, ही चाल आपल्या समाजांत फार जुनी नाहीं. आपले पूर्वज डोंगरावर जात नसत असें नव्हे. ते दुर्ग बांधावयास जात, देवदर्शनास जात, आणि घराचा भार मुलांच्या खांद्यावर ठेवल्यानंतर कोणी विरळा तपासाठींही जाई. परंतु शरीरास बरें वाटावें एवढ्याच हेतूनें पर्वतावर दुसरें घर करावें, हें आपण इंग्रजांपासून शिकलों. वऱ्हाडांतील चिखलदऱ्याचें पठार १८२३ सालीं कॅप्टन रॉबिन्सन याच्या दृष्टीस पडलें. तेथील कोरकूंना तें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. पण ठिकाण ‘सांपडलें’ असें म्हणावयाचें तें साहेबाच्या दृष्टीस पडल्यावरच! महाबळेश्वरास सर जॉन माल्कम यांनीं १८२८ च्या सुमारास वसाहत केली. माथेरान १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं उजेडांत आणलें. मागाहून आपले संस्थानिक, वकील व व्यापारी त्याच वाटेनें वर चढले.

वर्धा त्या काळीं मध्यप्रांतांत होता. प्रांताचें सरकार नागपुरास. तें उन्हाळा लागला कीं पंचमढीस चढे. ज्याच्यापाशीं अधिकार नाहीं व पैसाही नाहीं, त्यानें ओलें फडकें डोक्यास गुंडाळून वैशाख काढावा, हा ठरलेला क्रम. वर्ध्याच्या मुलखास डोंगर म्हणावा असा डोंगर जवळ नाहीं. काळी कपाशीची जमीन, मधून मधून मुरमाड उंचवटे, आणि चैत्रापासून मृगापर्यंत अंग भाजून काढणारें ऊन. इकडील खरा सुखाचा ऋतु म्हणजे हिवाळा. कापसाची वेचणी चालू असते, तुरीला शेंगा धरलेल्या असतात, ज्वारी हुरड्यास येते आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मनुष्यास आपल्या घराबाहेर बसावेंसें वाटतें. अशा या मुलखांत एका टेकडीस ‘हवेचें ठिकाण’ ही पदवी कशी मिळाली, आणि तेथें घर करणाऱ्या पुरुषास त्या घरानें काय दिलें व त्याच्यापासून काय घेतलें, हें सांगण्याचा येथें हेतु आहे.

ती टेकडी पवनारची. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानें पांच-साडेपांच मैल गेलें म्हणजे धाम नदी लागते. उन्हाळ्यांत तिचें पाणी खडकांतून वाट काढीत असतें. पावसाळ्यांत तिला उतार मिळत नाहीं. नदीच्या कांठीं एका उंचवट्यावर वर्ध्याचे शेटजी जमनालाल बजाज यांचा बंगला होता. त्यास लोक लाल बंगला म्हणत. धनी क्वचित् येई. एरव्हीं बंगला रिकामाच असे.

त्या बंगल्यांत येऊन राहिलेले गृहस्थ म्हणजे आचार्य विनोबा भावे. कुलाबा जिल्ह्यांतील गागोदें हें त्यांचें जन्मगांव. गांधीजींच्या आज्ञेवरून ते १९२१ सालीं वर्ध्याचा आश्रम चालविण्यास आले ते तेथलेच झाले. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर प्रवचनें केलीं व तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं, हें महाराष्ट्रास ठाऊकच आहे. तुरुंगांतून सुटल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर, सरकारी कचेऱ्यांना नाताळची सुटी पडावी त्या सुमारास, त्यांनीं आपलें बिऱ्हाड वर्ध्याजवळच्या नालवाडीस हालविलें. साहेबलोक सुटींत उंच जागीं जात; हे खालच्या वस्तींत गेले. नालवाडी ही मुख्यतः हरिजनांची वस्ती होती. सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यावरच पोट भरावयाचें, असा त्यांचा प्रयोग तेथें सुरू झाला. चरख्यावर दिवसभर बसणाऱ्या गरीब बाईच्या हातीं सायंकाळीं काय पडतें, हें पुस्तकांत न वाचतां स्वतःच्या पोटावरून मोजावें, हा त्यामागचा हेतु.

प्रयोग खरा होता म्हणूनच त्याचें मोलही खरें द्यावें लागलें. पांच-सहा वर्षांत प्रकृति ढांसळली. १९३८ च्या आरंभीं वजन अठ्ठ्याऐंशीं पौंडांवर आलें. वय बेचाळीस, पण हा देह आतां फार दिवस टिकत नाहीं, असें स्वतः त्यांनाच वाटूं लागलें होतें.

हें वर्तमान सेवाग्रामास पोहोंचण्यास वेळ लागला नाहीं. त्या गांवास तेव्हां शेगांव म्हणत. सेवाग्राम हें नांव १९४० सालचें. गांधीजी तेथें १९३६ च्या एप्रिलअखेर, म्हणजे वर्ध्याचे सुखवस्तु लोक बाहेर जाण्याची तयारी करतात त्या दिवसांत, पायीं चालत राहावयास गेले होते. परंतु स्वतःस लावलेला दंडक त्यांनीं आजाऱ्यास लावला नाहीं. त्यांनीं विनोबांस बोलावून घेतलें व कोठें तरी थंड पहाडी हवेंत जाऊन राहा, असें सुचविलें. विनोबांनीं उत्तर दिलें तें पवनारचें. जमनालालजींचा बंगला रिकामा आहे, टेकडी आहे, नदी आहे. मग हिमालय कशास? गांधीजींनीं संमति दिली. पण अट घातली ती अशी कीं, सर्व कामें व सर्व चिंता मागें ठेवून जावयाचें.

१९३८ च्या मार्चमध्यें मोटार धामेच्या पुलावर आली तेव्हां विनोबांनीं मनांतल्या मनांत ‘संन्यस्तं मया’ असें तीनदां म्हटलें. संन्यासविधींतील हे शब्द मनुष्यानें आयुष्यांत एकदांच उच्चारावयाचे. त्यांनीं ते प्रकृति सुधारावी म्हणून चाललेल्या वाटेवर उच्चारले. यांत वरवर पाहतां विसंगति वाटते. परंतु थोडा विचार केला तर हवापालटाचें सारें मर्म या एका गोष्टींत आढळेल. आपण महाबळेश्वरास जातों तेव्हां ट्रंका बरोबर नेतों, नोकर नेतों, आणि त्यांच्याबरोबर दुकानाचा हिशेब व कचेरींतील हेवादावाही वर चढवितों. हवा पालटते, माणूस पालटत नाहीं. विनोबांनीं पूल ओलांडतांना ओझें नदींत टाकलें. पलीकडे पोहोंचला तो केवळ अठ्ठ्याऐंशीं पौंडांचा देह.

नवें घर लावण्यास त्यांना फारसा वेळ लागला नसावा. लावावयाचें असें होतेंच काय? दिवसाचा बराच भाग काम न करतां जाऊं लागला. आहार वाढविला. आणि व्यायाम म्हणून टेकडीवरची जमीन कुदळीनें खणण्यास आरंभ केला; प्रथम अगदीं थोडीं मिनिटें, मग रोज कांहीं मिनिटें अधिक. ज्यास कालपर्यंत प्रत्येक तासाचा हिशेब द्यावयाचा होता, त्यानें आतां फलाची चिंता न करतां ढेकळें फोडावीं, हें गीतेचें भाष्यच झालें. उन्हाळा गेला, धामेला पूर येऊन ओसरला, दिवाळी झाली आणि टेकडीवर पहिली थंडी पडली. दहाएक महिन्यांत वजन चाळीस पौंडांनीं वाढलें. पंचमढी काय अधिक देती? या ठिकाणास पुढें परंधाम हें नांव मिळालें; धामेच्या पलीकडचें म्हणूनही परंधाम, आणि गीतेंतील अर्थानेंही परंधाम.

त्या खणण्यानें आणखी एक गोष्ट वर आणली. जमिनींतून जुन्या मूर्ति निघूं लागल्या, आणि त्यांत राम व भरत यांच्या भेटीचें शिल्प सांपडलें. धुळ्याच्या प्रवचनांत विनोबांनीं दूर राहून रामाची सेवा करणारा भरत हा निर्गुण भक्तीचा आदर्श म्हणून वर्णिला होता. सहा वर्षांनीं तोच भरत त्यांच्या कुदळीपुढें उभा राहिला. ईश्वरी संकेत मानणाऱ्यांनीं मानावा. इतिहास पाहणाऱ्यास त्याचें निराळें कारण दिसतें. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं पवनार हेंच वाकाटकांचें प्रवरपूर होय, असें प्रतिपादिलें व येथील शिल्पें रामकथेचीं म्हणून ओळखलीं. दुसरा प्रवरसेन हा पांचव्या शतकांतील राजा. चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावतीगुप्ता ही त्याची आई. आणि ‘सेतुबंध’ हें महाराष्ट्री प्राकृतांतील रामकाव्य त्याच्या नांवावर आहे. प्रवरपूर म्हणजे रामटेकजवळचें मनसर, असेंही कित्येक अभ्यासक मानतात. तो वाद येथें सोडविण्याचें कारण नाहीं. १९६७ सालीं नागपूर विद्यापीठानें पवनारास उत्खनन केलें, त्यावरून गांवाचें प्राचीनत्व तरी निर्विवाद ठरलें. तात्पर्य हें कीं, नवें घर म्हणून ज्या जागीं पाऊल ठेवलें ती जागा दीड हजार वर्षांपूर्वींची वस्ती होती. आपण ज्यास रिकामें माळरान म्हणतों तेथें पूर्वीं कोणी तरी दिवे लावलेले असतात.

टेकडीनें बरा केलेला मनुष्य टेकडीवर बसून राहिला नाहीं, हें या कथेचें उत्तम अंग. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनीं युद्धविरोधी भाषण केलें तें पवनारासच. तुरुंगवास संपल्यावर ते येथूनच रोज खांद्यावर फावडें टाकून सुरगांवास भंगीकाम करण्यास जात. १९५१ च्या मार्चमध्यें येथूनच ते पायीं निघाले व त्या प्रवासांत, १८ एप्रिल रोजीं, तेलंगणांतील पोचमपल्लीस भूदानाचा जन्म झाला. बंगल्याचे धनीही त्या टेकडीच्या छायेंतून सुटले नाहींत. १९४१ च्या हिवाळ्यांत जमनालालजी गोसेवेचें व्रत घेऊन नालवाडीजवळ गोपुरी येथें झोंपडींत राहावयास गेले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं त्यांचा अंत झाला. पुढें १२ फेब्रुवारी १९४८ रोजीं गांधीजींच्या अस्थींचा कांहीं भाग याच धामेंत विसर्जन करण्यांत आला, व त्या तिथीस हाताचें सूत अर्पण करण्याकरितां पवनारास मेळा भरूं लागला. हिवाळ्याच्या अखेरीचा तो या टेकडीचा सण.

परंतु इतिहासकारानें गुण गाऊन थांबूं नये. तेरा वर्षांच्या पदयात्रेनंतर विनोबा १९६४ सालीं येथें परतले. पुन्हां दौरे केले. आणि १९७० च्या ऑक्टोबरांत क्षेत्रसंन्यास घेऊन कायमचे या टेकडीवर राहिले. २५ डिसेंबर १९७४ रोजीं, गीताजयंतीस, त्यांनीं वर्षाचें मौन धरिलें. त्याच मौनांत जून १९७५ ची आणीबाणी आली. ज्या जयप्रकाशांनीं १९५४ सालीं भूदानाच्या कार्यास जीवनदान दिलें होतें ते कारागृहांत गेले, आणि विनोबांचा ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारी प्रचाराचें घोषवाक्य झाला. मौन सुटल्यावर सत्तेचें तें शासन व आचार्यांचें तें अनुशासन, असा भेद त्यांनीं सांगितला. १९७६ च्या जानेवारींत पवनारास आचार्यांचें संमेलन भरवून त्यांचें मतही देशापुढें ठेविलें. पण सहा महिने जो अर्थ लोकांच्या कानीं पडावयाचा तो पडून गेला होता. १९३८ मध्यें पुलावर टाकलेलें ओझें आणि १९७५ मध्यें न उचललेलें ओझें यांत भेद आहे, असें त्यांच्या कित्येक सहकाऱ्यांना तेव्हां वाटलें. तें दुःख खोटें म्हणतां येणार नाहीं. उंच जागेवरून दूरचें दिसतें हें खरें. खालचा आवाज मात्र तेथें मंद होऊन पोहोंचतो.

म्हणून पवनारच्या टेकडीचा धडा एकपदरी नाहीं. बरें होण्यासाठीं मनुष्यानें कधीं तरी पूल ओलांडून पलीकडे गेलें पाहिजे, आणि तें जाणें गरिबासही शक्य आहे. त्यास पांच मैलांवरची टेकडी पुरते. परंतु त्या घराची कसोटी परत येण्यांत आहे. भरत नंदिग्रामांत राहिला तो राज्याकडे पाठ फिरवून नव्हे. अयोध्येचा भार तेथूनच वाहत राहिला.

१९८२ च्या नोव्हेंबरांत थंडीची चाहूल लागली असतां विनोबांनीं अन्न, पाणी व औषध सोडलें. १५ तारखेस, दिवाळीच्या दिवशीं, त्यांचा देह पडला. त्यांनीं १९५९ सालीं स्थापिलेलें भगिनींचें ब्रह्मविद्या मंदिर त्या टेकडीवर आहे, भरत-रामाची ती मूर्तिही तेथेंच आहे, आणि खालून धाम वाहते. एका मरणोन्मुख माणसास त्या टेकडीनें चव्वेचाळीस वर्षें दिलीं. त्या वर्षांचा हिशेब करतांना जमेची बाजू पुष्कळ मोठी निघेल. पण खर्चाची बाजू कोरी आहे असें दाखवूं नये. हिशेबांत चोख राहण्याची संवय त्यांनीं स्वतः नालवाडीच्या चरख्यापाशीं लावून घेतली होती.