तोफा थंडावल्यावर

इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहराचे नाव युद्धाच्या इतिहासात एका रात्रीने कोरले गेले. १४ नोव्हेंबर १९४० रोजी जर्मन विमानांच्या बाँबवर्षावात तेथील प्राचीन कॅथीड्रल बेचिराख झाले. भग्नावशेष तसेच राखून शेजारी नवे कॅथीड्रल उभारण्यात आले. आणि १९६२ मध्ये बेंजामिन ब्रिटन याची ‘वॉर रिक्विएम’ ही शोकगंभीर संगीतरचना तेथे प्रथम सादर झाली.

याच शहरात १९८६ मध्ये ‘बोल्ट थ्रोअर’ हा वाद्यवृंद जन्मास आला. ‘डेथ मेटल’ या नावाने ओळखले जाणारे त्याचे संगीत प्रथमश्रवणी निव्वळ कोलाहल वाटावे असे. खर्जात लावलेल्या विद्युत गिटारी, ड्रमचा अविरत मारा आणि शब्द घशातून गुरगुरत उच्चारणारा गायक! तरीही बी.बी.सी.वरील जॉन पील या जाणत्या निवेदकाने १९८८ मध्येच या मंडळींना नभोवाणीवर पाचारण केले.

त्यांचा विषय प्रायः एकच, युद्ध. आरंभीच्या रचनांत कल्पित रणांगणांचे आकर्षण पुष्कळ होते. परंतु २००५ मधील ‘दोज वन्स लॉयल’, म्हणजे ‘एकेकाळचे एकनिष्ठ’, या आठव्या व अखेरच्या ध्वनिमुद्रिकेत खंदक आणि तोफखाना यांच्या जोडीने स्मरणाची भावनाही येते. मुखपृष्ठावर तोफ चालविणाऱ्या सैनिकांचे उठावशिल्प आहे. ते लंडनमधील गार्ड्‌स मेमोरियल या १९२६ च्या स्मारकावरचे, शिल्पकार गिल्बर्ट लेडवर्ड याच्या हातचे होय. शेवटच्या गीताचे शीर्षकही तोफांचा नाद विरण्याविषयीचे आहे.

हे संगीत युद्धाचे स्तोत्र गाते काय, असा प्रश्न सुज्ञ श्रोत्यास पडणे स्वाभाविक आहे. नाद वीरश्रीचा आहे, हे नाकारता येत नाही; परंतु शीर्षकाचा रोख विजयाकडे नसून विस्मृत निष्ठावंतांकडे आहे. वीराच्या आवेशाखाली येथे करुणाचा प्रवाह वाहतो.

पुढे नवी ध्वनिमुद्रिका हाती घेतली गेली. परंतु ती आधीच्या तोलाची होत नाही असे दिसताच त्यांनी ती बाजूस सारली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी ड्रमवादक मार्टिन कर्न्स वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी निवर्तला. बरोबर एक वर्षाने सहकाऱ्यांनी वाद्यवृंद विसर्जित केल्याचे जाहीर केले. यापुढे आमचा वादक तोच, असा त्या निवेदनाचा आशय होता.

मृतांशी एकनिष्ठ राहण्याचे गीत गाणे सोपे असते. या मंडळींनी आपली वाद्ये खाली ठेवून त्याचा अर्थ सिद्ध केला.