मुक्काम : एक जुना करार

निवृत्तीनंतर घरासारखी सजवलेली गाडी घेऊन देशभर भटकणाऱ्यांसाठी हिवाळ्यातले चार महिने टेकता येईल असा एखादा तळ कामणच्या आसपास आखायचा झाला, तर सुरुवात कुठून करावी? प्रश्न अगदीच हवेतला नाही. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मूळचा फारसी ‘कारवान’ इंग्रजीची वाट फिरून असा आपल्या दारी परतला आहे. जागा, पाणी, वीज यांचा हिशेब पुढे होईलच. आधी इतिहासाला विचारावे असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे मुक्काम ही मुळात पावसाळ्यातली गोष्ट. कामणपासून फार दूर नसलेल्या सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला. अशा स्थळांशी निगडित भिक्षूंना पावसाळा एका जागी काढण्याचा नियम होता. उरलेले महिने चारिकेचे. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्यात छावणी करीत. चिमाजी आप्पांना वसई मिळाली ती मे 1739 मध्ये, पाऊस तोंडावर आला असताना. म्हणजे हिवाळा हा थांबण्याचा नव्हे, चालण्याचा ऋतू.

याला एक लक्षणीय अपवाद आहे, तो मेंढपाळ धनगरांचा. कोकणातला पाऊस मेंढ्यांना मानवत नाही; म्हणून पावसाळा पठारावरच्या कोरड्या मुलखात काढायचा आणि दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणात यायचे. भात कापून झालेल्या खाचरांत वाघर लावून मेंढ्या बसवायच्या. लेंडीखत शेताला, मोबदल्यात धान्य किंवा पैसे मेंढपाळाला. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी या व्यवस्थेचा परिस्थितिकीच्या अंगाने अभ्यास केला. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या भटकंतीत त्यांच्या देवतांचा इतिहास वाचला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) मेंढरांसह गाव सोडणारी माणसे आपण पाहिली आहेतच, पण ती दुष्काळाने उठलेली. येथील स्थलांतर मात्र दरसालचे, ठरलेले आणि यजमानाला हवे असलेले. धनगरांच्या वाड्याला हिवाळ्यात जागा मिळे, कारण वाडा काही देऊन जाई.

अमेरिकेत ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात निवृत्तांचे असेच हिवाळी तळ पडतात. तेथे 1983 पासून सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या काळात परवाना घेऊन राहता येते. जमीन रिकामी आहे, मालक सरकार आहे. करार सोपा आहे.

कामणला ते शक्य नाही. एका बाजूस तुंगारेश्वर अभयारण्याचे डोंगर, दुसरीकडे चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे कारखाने आणि वखारी, मध्ये उरलेली भातशेती व आदिवासी पाडे. येथे जी जमीन रिकामी दिसते, ती कुणाच्या तरी पुढच्या हंगामाची वाट पाहत असते. गाड्यांचे सांडपाणी त्याच खाचरांत सोडून आपण पाहुणे म्हणवून घेऊ शकत नाही.

म्हणूनच, तळ आखताना नकाशावर पहिली खूण करण्याआधी आपण या गावाला काय देणार, हे लिहून काढावे असे आम्ही सुचवू. निवृत्तांजवळ शिक्षण, अनुभव आणि सवड असते. पण त्यांतले गावाला काय हवे, हे गावानेच सांगायचे. मेंढ्या कुणाच्या खाचरात बसवायच्या हे एकटा मेंढपाळ कधीच ठरवीत नव्हता.